आयुक्त साहेब, तळं आहे तसंच राहू द्या की

आदरणीय आयुक्त साहेब,

नमस्कार. आपली ओळख नाही. तुम्हाला रोज पत्रांचा गठ्ठा येत असेल आणि त्यातली निम्मी खड्ड्यांची असतील, हे खड्ड्यांचं नाही, बागेतल्या तळ्याचं आहे. मागच्या सोमवारी गेटवर मोठ्ठा बोर्ड लागला, "तलाव परिसर सुशोभीकरण", त्यावर कॉम्प्युटरवर काढलेलं एक चित्र, आणि ते बघून आल्यापासून मला काही चैन पडेना म्हणून शेवटी लिहायलाच बसले.

आधी त्या चित्राचंच सांगते. त्यात तळ्याला चारही बाजूंनी सिमेंटची उभी भिंत आहे, मधोमध रंगीत म्युझिकल कारंजं, काठाने चकचकीत फरशी, दर थोड्या अंतरावर लाइटचा खांब आणि पाण्यात चार राजहंस. साहेब, इथे राजहंस कधी आले नाहीत आणि येणारही नाहीत, पण ते सोडून देऊ, चित्र काढणाऱ्याला हौस असते. मला खटकलं ते वेगळंच. त्या अख्ख्या चित्रात एकही म्हातारं माणूस नाही. सगळे पंचविशीचे, सडसडीत, कानात इअरफोन. झाडंही सगळी एका उंचीची, एकाच दिवशी जन्मल्यासारखी, आणि वाळकं झाड तर औषधाला नाही.

आता आमचं ऐका. मी आणि आई रोज सकाळी तिथे जातो. आई 81 वर्षांची, हातात काठी. मी एकटी असले तर एक फेरी 18 मिनिटांत होते, आईबरोबर 40 लागतात, त्यातला निम्मा वेळ बसण्यात जातो आणि खरं सांगू का, तोच वेळ चांगला जातो. गेटमधून आत शिरलं की पहिली पन्नासएक पावलं रस्ता पाठ सोडत नाही, हॉर्न, ब्रेक, कुणाचं तरी भांडण, मग वाट डावीकडे वळते, बांबूचं बेट लागतं आणि तिथून आवाज असा एकदम कमी होतो की कुणी मागून दार लोटून घेतलंय असं वाटतं. पुढे नुसती पानं आणि आपल्याच चपलांचा आवाज. आई तिथे पोचली की बोलायची थांबते, घरी ती कधीच थांबत नाही (हे पत्र ती वाचणार आहे, असो).

ही शांतता फुकटात आणि आपोआप मिळाली असं वाटतं ना, पण बागेतली शांतता मुद्दाम राखावी लागते. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ज्यांनी आखलं ते ओल्मस्टेड आणि व्हॉक्स, 1858 साली त्यांचा आराखडा निवडला गेला, तेव्हा मोटारी नव्हत्याच, होत्या त्या घोडागाड्या, तरी त्यांनी बागेतून आडवे जाणारे चारही रस्ते जमिनीच्या पातळीखाली खोल नेले, का तर फिरायला आलेल्या माणसाला गाड्या दिसू नयेत, त्यांचा खडखडाट नको. तिथली तळीसुद्धा माणसांनी केलेली आहेत पण बघून कुणाला पत्ता लागत नाही. म्हणजे एवढी मेहनत घेतली आणि ती दिसू नये याचीही मेहनत घेतली. आणि आपल्या बोर्डावर काय, सगळं दिसणारंच काम. दिसलं नाही तर फीत कशाची कापणार, हेही कळतं मला.

पलीकडच्या कोपऱ्यात एक वाळलेलं झाड आहे. त्याची एक फांदी पाण्यावर आडवी आली आहे, साधारण दोन पुरुष उंचीवर. तिथे खंड्या बसतो. निळा, छोटासा, शरीराच्या मानाने चोच भलतीच मोठी. तो आधी नुसता पाण्याकडे बघत बसतो, मान वरखाली करतो, अंदाज घेतो, मग दगड सुटावा तसा खाली, आणि वर येतो तेव्हा चोचीत बोटभर मासोळी. ती तो लगेच गिळत नाही. फांदीवर आपटतो, इकडून एकदा तिकडून एकदा, धुणं आपटावं तसं, पाच सहा वेळा, मग चोचीतल्या चोचीत फिरवून डोक्याकडून गिळतो, कारण शेपटीकडून गिळली तर पर आणि खवले घशात अडकायचे. आई दर वेळी म्हणते, याला कुणी गं शिकवलं. हा सगळा कार्यक्रम दीड दोन मिनिटांचा, तिकीट नाही, स्पीकर नाही. परवा त्या झाडाच्या बुंध्यावर पिवळ्या रंगाची फुली दिसली. चौकशी केली तर म्हणे वाळलेलं आहे, चांगलं दिसत नाही, काढणार. साहेब, ते वाळलेलं आहे म्हणूनच तर तो तिथे बसतो, पानांच्या आड बसून त्याला पाणी कसं दिसणार? फांदी वाटेवर येत नाही, कुणाच्या डोक्यावर पडण्यासारखी नाही, खाली पाणीच आहे. तेवढी ती फुली पुसायला सांगा.

भिंतीचं मात्र मला नीट समजावून सांगायचंय कारण तिथे नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. आत्ता काठ उतरता आहे, मातीचा, कडेने पाणकणीस उगवलंय, थोडं गबाळं दिसतं हे मान्य. पण उतरत्या काठावरून बेडूक वर येतो, कासव वर येऊन उन्हात बसतं, आणि देव न करो पण एखादं पोर पाण्यात घसरलं तर पाय टेकत टेकत बाहेर येऊ शकतं. उभ्या गुळगुळीत भिंतीला धरायला काय आहे? आत गेलेलं आतच. आणि ते पाणकणीस डासांमुळे काढायचंय असं कुणीतरी मला म्हणालं तेव्हा मला हसू आवरेना. एखाद्या सकाळी वाकून बघा, त्या पात्यांवर पाण्याच्या वर वीतभर अंतरावर तपकिरी रंगाची रिकामी टरफलं चिकटलेली असतात, पाठीवर चीर गेलेली, पाय तसेच घट्ट धरलेले. ती चतुराची असतात. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं, काही जातींमध्ये तर वर्षाहून जास्त काळ, आणि त्या काळात डासांच्या अळ्या खातं, मग एक दिवस पात्यावर चढून कात टाकून उडून जातं आणि वर हवेतसुद्धा डास खातं. म्हणजे डासांवर पगार न घेता कामाला असलेली माणसं आपण काढून टाकणार आणि मग धुराचं मशीन फिरवणार.

पाणी हिरवं झालंय, वास येतो, ही लोकांची तक्रार खरी आहे. मीच केली होती मागच्या वर्षी. पण त्याला कारंजं हा उपाय कसा काय ठरला ते मला कळलेलं नाही. पाणी हिरवं होतं ते शेवाळामुळे आणि गोड्या पाण्यात शेवाळ माजतं ते मुख्यतः फॉस्फरसमुळे. कॅनडात ऑन्टारिओमधल्या एका छोट्या तळ्यावर, लेक 226 त्याचं नाव, 1973 साली शास्त्रज्ञांनी हे डोळ्यांना दिसेल असं करून दाखवलं. तळ्याच्या मधे प्लॅस्टिकचा पडदा लावून दोन भाग केले, एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्या भागात तेच दोन्ही आणि वर फॉस्फरस. वरून घेतलेला फोटो आहे त्याचा, एक बाजू काळसर स्वच्छ, दुसरी हिरवीगार. एकच तळं, एकच ऊन. आता आपल्या तळ्यात फॉस्फरस येतो कुठून? पूर्वेच्या कोपऱ्यात पावसाळी गटाराचं तोंड आहे आणि पाऊस नसतानाही ते वाहतं. त्याला सांडपाण्याचा वास येतो. म्हणजे कुठली तरी लाइन त्यात चुकून नाहीतर मुद्दाम जोडली गेली आहे. त्याच्या जोडीला लॉनवर टाकलेलं खत पहिल्या पावसात वाहून आत, आणि आम्ही प्रेमळ नागरिक बदकांना पाव टाकतो तो अर्धा तळाशी जाऊन कुजतो. हे बंद केल्याशिवाय वर कितीही रंगीत पाणी उडवलं तरी खालचं पाणी तेच राहणार.

कुणी म्हणेल कारंज्याने ऑक्सिजन मिळतो. मिळतो, थोडाफार. पण बोर्डावर वेळ लिहिलीये संध्याकाळी 7 ते 9. शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर स्वतःच वापरतं, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे, उजाडायच्या आधी. त्यात पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, 10 अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण 11 मिलिग्रॅम तर 30 अंशाच्या पाण्यात साडेसातच. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी आम्ही बघितलं, शेकडो मासे तोंड वर काढून आ वासत होते, काही उलटे तरंगत होते, आणि आई म्हणाली चल घरी. त्या माशांना संध्याकाळच्या गाण्यांचा काय उपयोग झाला असता सांगा. यंत्र बसवायचंच असेल तर हवा सोडणारं साधं बसवा आणि ते रात्रभर चालू ठेवा, कुणाला दिसणार नाही पण चालेल.

वाटेबद्दल थोडक्यात. मातीची वाट पावसात चिखल करते, मान्य, पण त्यावर मुरूम टाकून दाबली तर भागतं, फरशी ओली झाली की घसरते आणि आईच्या वयाला एक घसरणं पुरे असतं. वर झाडांच्या बुंध्याला चिकटवून सिमेंट ओतू नका. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दोन फूट मातीतच असतात, त्यांना हवा आणि पाणी दोन्ही लागतं. आणि लाइट हवेत हो, बायका संध्याकाळी फिरतात, अंधार कुणाला हवाय, पण खाली तोंड केलेले, पिवळसर, वाटेपुरते. पाण्यावर पांढरे झोत टाकले की आसपासचे सगळे किडे तिथे येऊन रात्रभर घिरट्या घालत मरतात.

मग आम्हाला हवंय तरी काय? अहो फार नाही. बाकांना हात हवेत. हे कुणाच्या लक्षातच येत नाही, म्हाताऱ्या माणसाला बसणं जमतं, उठणं जमत नाही, हाताला रेटा द्यायला काहीतरी लागतं. नवीन आलेली बाकं नुसत्या दगडी फळ्या आहेत, ना पाठ ना हात. त्यावर बसलेल्या आईला उठवायला मला दर वेळी समोर उभं राहून दोन्ही हात धरावे लागतात, आणि मी नसले तर ती बसतच नाही, म्हणजे मग येतच नाही. आणि टॉयलेट. टॉयलेट बांधलेलं आहे, टाइल्स लावलेल्या आहेत, उद्घाटनाची पाटी आहे आणि कुलूप आहे. चावी कुणाकडे आहे हे मी चार जणांना विचारलं, चौघांनी वेगवेगळी नावं सांगितली. टॉयलेट नाही म्हणून अर्ध्या फेरीतून परत फिरणाऱ्या किती बायका मी रोज बघते, त्यातली एक आमच्याच घरची आहे.

एका कार्यालयात मला तोंडावर विचारलं गेलं की बाग नुसती ठेवून फायदा काय. नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता. 1984 मध्ये रॉजर उलरिच यांचा एक अभ्यास सायन्स या साप्ताहिकात आला होता, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले 46 पेशंट, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत, आणि झाडंवाल्यांना जास्त पॉवरची वेदनाशामकं कमी लागली. नुसती खिडकीतून दिसणारी झाडं, साहेब. त्या माणसाला मी तेव्हा हे सांगू शकले नाही, जिना उतरताना आठवलं, नेहमीसारखं.

बजेट मंजूर झालंय आणि परत जाईल अशी अडचण असेल तर त्याच पैशातून गटाराची चुकीची जोडणी शोधा, तळाचा गाळ टप्प्याटप्प्याने काढा, एकदम सगळा नको. दिसणार नाही हे काम, फोटो चांगला येणार नाही, पण दोन वर्षांनी पाणी बघा.

आणि काहीही ठरवायच्या आधी एकदा या. ताफा नको, फोटोग्राफर नको, सकाळी साडेसहाला या. बांबूच्या बेटापाशी फोन सायलेंट करा. आम्ही तिसऱ्या बाकावर असतो, तिथून ती फांदी समोरच दिसते. दवाने बाक ओला असतो, पण आईच्या पिशवीत जुना टॉवेल असतोच, तुमच्यापुरती जागा पुसून ठेवू.

आपली,
रोज एक फेरी मारणारी