तिसरं बटण

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'वॉर्डच्या दारात पाय जड होतात' या ओळीशी थबकले. गेल्या वर्षी माझंही हेच झालं होतं. तेव्हा बोलले नाही, आज सांगते.

अर्धांगवायूचे एक काका होते. पेशंटना रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणं हेच आपलं काम, तसा त्यांचा शर्ट घालायचा सराव चालला होता. लुळा हात आधी बाहीत, मग चांगला, इथवर त्यांना छान जमलं होतं. तिसऱ्या बटणाशी गाडी अडली. त्यांची बोटं काज चाचपडत होती आणि माझी नजर घड्याळावर. बाहेर तीन पेशंट, कालच्या नोट्स तशाच. मी पुढे झाले आणि बटण लावून टाकलं. नातेवाइकांना आपण रोज बजावतो, 'त्यांचं त्यांना करू द्या', आणि मीच! काकांनी मुकाट्यानं हात मांडीवर ठेवला. तो हात अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मानसशास्त्रज्ञ मास्लाक यांनी बर्नआउटच्या, म्हणजे कामाच्या ताणानं पार रितं होण्याच्या, तीन खुणा सांगितल्यात ना: भावनिक थकवा, माणसांविषयी कोरडेपणा, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. थकवा ओळखीचा होता. कोरडेपणा त्या दिवशी दिसला आणि मी घाबरले.

मानसतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी ॲक्ट, म्हणजे ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी सुरू केली. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी १९८० च्या दशकात ती घडवायला घेतली. 'स्वीकार' ऐकून आधी रागच आला. आणखी निमूट सोसायचं? तसं नाही गं. थकवा, अपराधीपणा यांना मनातून हाकलण्यात जी ताकद खर्ची पडते, ती सोडवून मोलाच्या कामाला लावायची. 'मी कुचकामी आहे' असं आलं की म्हणायचं, 'मी कुचकामी आहे असा विचार मनात आलाय.' सुरुवातीला खुळचट वाटलं. विचार जात नाहीच, पण त्याचा हुकूम मानावा लागत नाही. कंप असलेल्या पेशंटला आपण 'कंप थांबला की जेवा' म्हणतो का? कंपासकटच चमचा धरायला शिकवतो.

मग त्यांनी विचारलं, हे काम का निवडलंत? माणसाला स्वतःचं स्वतः करता यावं म्हणून, मी म्हटलं. त्यावरूनच गृहपाठ ठरला: रोज एका तरी पेशंटजवळ हात मागे बांधून थांबायचं. काकांजवळ थांबले. छाती घट्ट झाली, ती होऊ दिली. तिसऱ्या बटणाला सहा मिनिटं लागली.

एक मात्र बजावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार म्हणून नोंदलेला नाही. कामावरच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून नोंदलाय. तेव्हा पेशंटांची न झेपणारी रांग स्वीकारू नकोस. मी वरिष्ठांकडे दोन पेशंटांमध्ये दहा मिनिटं मागितली. आवाज कापत होता. पाच मिळाली, ती घेतली.

झोप उडालीय म्हणतेस, ते आधी डॉक्टरांच्या कानावर घाल. आणि कोणत्या पेशंटजवळ पाय जड होत नाहीत, तेही लिहून ठेव. रविवारी फोन करते.

तुझीच,
जुनी वर्गमैत्रीण