लेकीस, क्लेरमाँ-फेराँला निघण्याआधी

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
सांगली

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा आईच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना आणि मी नुसतं "बरं झालं" म्हणून फोन ठेवला. नंतर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तोंडानं जे बोलता आलं नाही ते लिहितोय.

हरिपूरच्या पेवांवरची, हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांवरची, तुझी 19 मिनिटांची फिल्म फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँच्या लघुपट महोत्सवाला निघाली, आणि नव्या दिग्दर्शकांना परदेशी महोत्सवाला पाठवणाऱ्या बक्षिसामुळं तिच्याबरोबर तूही निघालीस. तिकीट, राहणं, महोत्सवाचा पास, सगळं त्यांचं. मला यात आपल्या गावची एक जुनी गोष्ट दिसते. 1842 च्या सुमारास कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली. इथले संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी ते बघितले आणि पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काही आपल्या भाषेत उभं करा. 1843 ला 'सीता स्वयंवर' झालं. भाव्यांनी दुसऱ्यांचा खेळ डोळे भरून बघितला होता, मग स्वतःचा मांडला. पुढं 1851 मध्ये आप्पासाहेब गेले, राजाश्रय आटला. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केला. तुझं बक्षीस हाही राजाश्रयच आहे, एका वारीपुरता. ती वारी कशात घालवायची ते आत्ताच ठरव.

माझं म्हणणं एवढंच आहे, बघण्यात घालव. तूच सांगितलंस की तिथल्या विद्यार्थ्यांच्या फिल्म क्लबनं 1979 मध्ये लघुपटांचा एक आठवडा भरवला, त्यातून हा महोत्सव वाढला, आणि आज लघुपटांचा जगातला सर्वांत मोठा महोत्सव तोच. गावातली साधी माणसं ऐन थंडीत रांगा लावून छोट्या फिल्म बघतात. मग तूही त्या रांगेत उभी राहा. तुझा खेळ दोन-चार वेळा होईल, बाकीचा सगळा वेळ दुसऱ्यांच्या फिल्मसमोर बस. तू शिकलीस ती लॅपटॉपवर फिल्म बघून, हेडफोन लावून, रात्री एक-एक वाजेपर्यंत. अनोळखी माणसांनी भरलेल्या अंधाऱ्या सभागृहात, कुठं श्वास अडकतो आणि कुठं खुर्च्या कुरकुरतात, हे तुला अजून ऐकायचं आहे. फोटो काढायला एक दिवस पुरेल.

आता बाजाराचं. तिथं 1986 पासून लघुपटांचा बाजारही भरतो म्हणालीस. त्यातलं मला थोडं कळतं. मार्केट यार्डात अडतीच्या दुकानात मी तीस वर्षं दिवाणजी होतो. हळदीचा नमुना हातात घेतला की हळकुंड मोडायचं. कट्‌ असा आवाज आला तर माल वाळलेला, नुसतं वाकलं तर आत ओल आहे. मोडल्यावर आतला केशरी रंग उजेडात धरून बघायचा, वरच्या पॉलिशवर जायचं नाही. तुला भेटणाऱ्या वितरकांनाही असंच मोडून बघ. शेतकरी दर ऐकून खूष होतो आणि पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात आली की गप्प होतो, कारण हमाली, तोलाई वजा होऊन हातात किती राहिलं ते तिथं लिहिलेलं असतं. म्हणून कुणी करार पुढं केला तर विचार: किती वर्षांसाठी, कुठल्या कुठल्या देशांसाठी, ऑनलाइनचे हक्क कुणाकडं, आणि तुमचं कमिशन आणि खर्च वजा जाता माझ्या हातात काय? तिथं सही करू नकोस. कागद घेऊन घरी ये.

'पेव फुटणं' आपण किती सहज म्हणतो. ऑनलाइन महोत्सवांचंही तसंच पेव फुटलंय. गेल्या वर्षी तू एका महोत्सवाला प्रवेश फी भरलीस. ना कुठं पडदा, ना प्रेक्षक, दोन महिन्यांनी मेलवर प्रमाणपत्र आणि ट्रॉफी हवी असेल तर आणखी पैसे. तेव्हा तू दोन दिवस नीट जेवली नाहीस. तेही पैसे आणि ते दोन दिवस मला अजून टोचतात. या वेळी तुझी फिल्म माणसांनी बसून निवडली आहे, हे मनात पक्कं ठेव.

सबटायटलमध्ये पेवाला 'पिट' लिहिलंयस, ते मला पटलं नाही. पिट म्हणजे कुठलाही खड्डा. पेवाचं तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, आत पोट मोठं, आणि हरिपूरची माती अशी की पाणी झिरपत नाही, हळदीला वर्षानुवर्षं कीड लागत नाही. 'पेव'च ठेव, त्यांना कळेल. शेजारच्या कोल्हापुरात 1929 ला सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम'चा 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, तेव्हा तिथल्या किती जणांना मराठी येत होतं? आणि 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला परदेशी कथापटांचं सर्वोच्च बक्षीस मिळालं, तेही मराठी नाव कायम ठेवून.

एक गोष्ट मनाला लागली आहे. तिकीट एकट्या तुझं आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला तो मुलगा, ज्यानं तुझ्या फिल्मचा आवाज रेकॉर्ड केला, तो इथंच राहणार. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजता नाद, लावताना बघत वाढलेला कान आहे त्याचा, म्हणून पेवातला श्वास तसा ऐकू येतो. स्टेजवर त्याचं नाव पहिलं घे. निघण्याआधी त्याच्या घरी जाऊन ये, पेढे मी आणून ठेवतो.

व्हिसासाठी 30,000 युरोचं विमा संरक्षण लागतं, ते कागद आईनं फायलीत लावलेत. स्वेटर दोन घे. त्या गावचं मोठं चर्च ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचं आहे, फोटो बघितला. आपला कृष्णेचा घाटही तसल्याच काळ्या दगडाचा. लांब गेल्यासारखं वाटलं तर तिथं जाऊन बस.

आज सकाळी हरिपूरला, तुझ्या फिल्ममधल्या आजोबांकडं जाऊन आलो. 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, त्यानंतर ते कधी खाली उतरले नव्हते, ते तुझ्यासाठी उतरले. बातमी ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोरीनं कंदील खाली सोडताना दाखवलाय. त्या लोकांना वाटंल, उजेडासाठी सोडला. आत हवा हाय का बघायला सोडत्यात. इझला तर माणूस उतरत न्हाई. ते कुठं सांगितलंय का तिनं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. खेळानंतर लोक प्रश्न विचारतात म्हणालीस. कुणी विचारलं नाही तरी एवढं सांग. आणि ऐकून ते काय म्हणाले ते लगेच कळव, मी हरिपूरला जाऊन सांगून येतो.

तुझे
बाबा