शिरीषला, त्याच्या हँग होणाऱ्या डब्याविषयी

रत्नागिरी

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप वाचला. पीसी सारखा हँग होतो, दुकानदार म्हणतो मदरबोर्ड (सगळे भाग जिला जोडलेले असतात ती आतली मुख्य पाटी) गेला, नवीनच घ्या. फोनवर सांगत बसलो तर तू मधेच तोडणार आणि निम्मं विसरणार, म्हणून चक्क पत्र. पण आधी एक काम कर. मुलांचे फोटो, आप्पांच्या शेतीचे हिशेब, जे काही त्यात आहे ते बाहेरच्या डिस्कवर उतरवून घे. ते झाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात धरू नकोस.

‘मदरबोर्ड गेला’ हे वाक्य मी फारसं मनावर घेत नाही. बोर्ड जातो, नाही असं नाही. पण तपासायला सगळ्यांत किचकट तोच, त्यामुळे काहीच तपासायचं नसलं की त्याच्यावर नाव ढकलणं सोपं जातं. मलाही हेच ऐकवलं होतं. त्याआधी ‘फॉरमॅट मारू’ झालं होतं. मारला, विंडोज नव्याने टाकलं, आणि आठवडा जातो न जातो तोच पहिले पाढे पंचावन्न.

माझा डबा तुला माहीत आहे: दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच६१ बोर्ड, डीडीआर३ रॅम, विंडोज ७. हा भंगारात कधी जाणार, असं घरी दर दिवाळीला विचारतात. पण त्यात पानं जुळवायचं पेजमेकर आहे, मराठी टायपिंगचं श्रीलिपी आहे, आणि जुन्या दिवाळी अंकांच्या, स्मरणिकांच्या सगळ्या फाइली आहेत. मजकूर युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या संकेताच्या) आधीच्या फॉन्टांतला. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं दिसतात. पेजमेकर ७ आला २००१ मध्ये, आणि त्यानंतरची आवृत्ती कंपनीने काढलीच नाही. तेव्हा हा डबा चालता राहणं माझ्या पोटापाण्याचं आहे. विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२० पासून बंद आहेत, म्हणून त्याला इंटरनेटची वायर जोडतच नाही. (तुझ्याकडे विंडोज १० असेल तर त्याचेही दिवस १४ ऑक्टोबर २०२५ ला भरले, पण तो वाद वेगळा. हँग होण्याशी त्याचा संबंध नाही.)

आता मुद्द्याचं. पीसी हँग झाला की आपला हात आपोआप रिसेटच्या बटणाकडे जातो. तो आवर. त्या क्षणी काय मेलंय आणि काय जिवंत आहे, हे बघण्याची तीच वेळ. कीबोर्डवरचं नम लॉक दाब. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर विंडोजचा गाभा जिवंत आहे, तो कशाची तरी वाट बघत अडकलाय, आणि बहुतेकदा ती वाट हार्डडिस्कची असते. मग कॅबिनेटवरचा हार्डडिस्कचा दिवा बघ. नुसता पेटलेला राहिला, लुकलुकत नसला, तर संशय पक्का होत जातो. याउलट नम लॉकही मेलं, माऊस जागच्या जागी गोठला, गाणं चालू असेल तर स्पीकरमधून एकच स्वर र्रर्र करत राहिला, तर रॅम, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), डिस्प्लेचा ड्रायव्हर आणि हो, तुझ्या दुकानदाराचा बोर्ड, यांच्याकडे वळायचं.

माझ्याकडे नम लॉक जिवंत होतं. दिवा ठाण मांडून बसायचा, आणि बऱ्याच वेळाने, मी दहा ठिकाणी केलेलं क्लिक एकदम फळाला येऊन दहा खिडक्या उघडायच्या. विंडोजची स्वतःची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडला. तिथे कर्नल-पॉवर ४१ अशा लाल नोंदींची रांग असते आणि दुकानवाले तिच्यावर बोट ठेवून मान हलवतात. तिचा अर्थ इतकाच, की पीसी रीतसर बंद न होता बंद पडला. रिसेट तूच दाबलास ना! कारण शोधायचं तर तिच्या आधीच्या नोंदी बघ. ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांक असेल तर डिस्कवर बॅड ब्लॉक आहे. ११ असेल तर कंट्रोलर (बोर्डवरचा, डिस्क चालवणारा भाग) आणि डिस्क यांच्या बोलण्यातच गडबड. माझ्याकडे ११ च ११ होते.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून आणून चालवलं. त्यातले आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये (अंकांबरोबर ए ते एफ अक्षरं वापरणाऱ्या पद्धतीत) दिसतात, त्यामुळे पहिल्यांदा बघणारा दचकतो. चार ओळी बघितल्या की पुरे. ०५, सी५ आणि सी६ या डिस्कच्या पृष्ठभागाच्या तक्रारी. तिन्ही शून्य हव्यात, आणि माझ्या होत्या. चौथी सी७ म्हणजे डेटा वायरमधून जाताना बिघडल्याची नोंद. ती भली मोठी! डिस्क धडधाकट, बोर्ड धडधाकट, आणि दोष डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या त्या लाल साटा केबलमध्ये. कॅबिनेटच्या पत्र्याला दाबून काटकोनात दुमडलेली, टोकाला क्लिपसुद्धा नसलेली. पत्र्याची क्लिप असलेली नवी केबल आणली, बोर्डवरच्या दुसऱ्या पोर्टात लावली. सी७ चा आकडा पुन्हा शून्य होत नाही, तो वाढायचा थांबला की समजायचं. थांबला. हँग होणंही थांबलं.

तुझ्याकडे सी५ किंवा सी६ शून्य नसेल तर मात्र डिस्क चालली. अशा वेळी चेकडिस्क (विंडोजमधली डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय) लावायला सांगणारे भेटतील, ऐकू नकोस. मरू घातलेल्या डिस्कला रात्रभर घासण्यात अर्थ नाही, आधी डेटा काढ आणि २४० जीबीची एसएसडी (फिरती चकती नसलेली, वेगवान डिस्क) टाक. तुझ्या बोर्डावर जुनं साटा २ असलं तरी बिघडत नाही, फरक जाणवेलच.

नम लॉक मरत असेल तर रॅमपासून सुरुवात कर. वायर काढ, पॉवरचं बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ दे, पट्ट्या काढून सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने घास, परत बसव. आमच्या दमट हवेत निम्मे आजार इथेच बरे होतात. नाशिकला किती होतील, बघ. मग मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालू ठेव. सकाळी एक जरी चूक दिसली तरी ती पट्टी बाद, इथे ‘थोडं चालतं’ नाही.

प्रोसेसरच्या उष्णतेवर मी फार वेळ घालवणार नाही. तो तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर पीसी सरळ बंद होतो. गोठणं हे त्याचं नेहमीचं लक्षण नव्हे. तरी पंख्याच्या चार प्लास्टिकच्या खिळ्यांपैकी एखादा सुटलाय का, हाताने दाबून बघ.

एसएमपीएसची पिवळी वायर मल्टिमीटरवर ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत हवी, लाल ४.७५ ते ५.२५ च्या. काळी वायर निगेटिव्ह. कामाचा ताण असताना मोज, नुसतं चालू करून नको. आणि एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, असं तू मागे म्हणाला होतास. ते अर्थिंग नसल्यामुळे. इलेक्ट्रिशियनला बोलाव, ते काम पीसीसाठी नसलं तरी घरासाठी कर.

दुकानदाराची परीक्षा घ्यायची तर हार्डडिस्कची केबल काढून ठेव, पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) सुरू कर आणि संध्याकाळभर त्यावर यूट्यूब लावून दे. न अडखळता चालला तर त्याला सांग, बोर्ड मेलेला दिसत नाही. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदल. केबल, रॅम, एसएमपीएस सगळं एकदम बदललंस तर बरं कशाने झालं हे कळणार नाही, पैसे तेवढे जातील.

नम लॉकचं काय होतं ते कळव, क्रिस्टलडिस्कइन्फोच्या खिडकीचा फोटो पाठव. रॅम विकत घेऊ नकोस, माझ्याकडे डीडीआर३ ची एक पट्टी पडून आहे. तुझ्या पट्टीवरच्या स्टिकरवर पीसी३ (म्हणजे डीडीआर३) लिहिलंय की पीसी२ (डीडीआर२) ते आधी बघ. पीसी३ असेल तर भाचा पुढच्या आठवड्यात नाशिकला येतोय, त्याच्याबरोबर धाडतो.

आप्पांना नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिनू