उद्यमनगरातल्या वाइंडर मामांना

कोल्हापूर

मामा, स.न.वि.वि.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत, वर चहाही तुम्हीच पाजलात, म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण जळक्या मोटारींच्या कॉइल पुन्हा गुंडाळणाऱ्या, म्हणजे रिवाइंडिंगच्या दुकानात काय शिकायला मिळतं ते बाकीच्या शिक्षकांनाही कळू दे.

दहावीला विद्युतधारेचे परिणाम शिकवताना आम्ही फळ्यावर उजव्या हाताचा अंगठा काढतो, मग फ्लेमिंगची तीन बोटं. मुलं पाठ करतात, मार्क पडतात. १८२० मध्ये ओरस्टेडच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलली, हेही पाठ. पण विजेनं धातू फेकला जातो, हे कुणी डोळ्यांनी बघितलेलं नसतं. मला उडती रिंग दाखवायची होती. उभी कॉइल, तिच्यातून वर आलेला लोखंडी गाभा, त्यात ओवलेली ॲल्युमिनियमची रिंग. बटण दाबलं की कॉइलमुळे रिंगेतही धारा फिरू लागते आणि रिंग छताकडे. एलिहू थॉमसन यांनी अमेरिकेत १८८० च्या दशकात हा प्रयोग दाखवला होता. तयार यंत्राची किंमत ऐकून आमच्या मुख्याध्यापकांनी विषयच बदलला.

तुम्ही माझ्या वहीतलं चित्र बघितलंत आणि पहिलंच विचारलंत, "मॅडम, गाभा भरीव घालताय काय? तापणार की ओ." मग बाइंडिंग तारेचे तुकडे सरळ करून, व्हार्निशमध्ये बुडवून, वाळवून त्यांची मोळी बांधलीत. प्रत्येक तार दुसरीपासून अलग, म्हणजे लोखंडातच गरगरणारे एडी करंट अडतात. मोटारीत पातळ स्टॅम्पिंग, म्हणजे लोखंडाचे कापलेले पत्रे, एकावर एक रचतात ते याचसाठी, हे मी वर्षानुवर्षं तोंडी सांगत आले. व्हार्निशचे थेंब निथळताना पहिल्यांदा बघितलं. टर्न किती, तार कुठल्या गेजची, हे सगळं तुम्ही मनातच ठरवलंत. दाबून धरल्याशिवाय चालू न राहणारं बटणही तुम्हीच बसवलंत. पोरं आहेत, चालू ठेवून निघून जातील, हे तुम्हाला माझ्याआधी सुचलं.

रिंगा शेजारच्या लेथवर कापून आणल्यात, एकाच मापाच्या: एक तांब्याची, एक ॲल्युमिनियमची, आणि एक ॲल्युमिनियमचीच पण हॅक्सॉनं चीर पाडलेली. वर्गात सगळ्यांनी तांब्यावर पैज लावली. उंच गेली ॲल्युमिनियमची. तांब्याच्या साधारण साठ टक्केच वीज ती वाहून नेते, पण घनता २.७, तांब्याची ८.९६. वजनाच्या मानानं ॲल्युमिनियम सरस. चिरलेली रिंग जागची हलली नाही. वर्तुळ तुटलं, धारा फिरेना, मग ढकलणार कोण?

एका मुलीनं मात्र मला अडवलं. मेन्सची धारा ५० हर्ट्झची, सेकंदाला शंभर वेळा उलटते. मग रिंग अर्धा वेळ ढकलली आणि अर्धा वेळ ओढली जायला हवी, नाही का? पुस्तक इथं लेंझचा नियम, म्हणजे निर्माण झालेली धारा मूळ बदलाला विरोध करते, एवढं सांगून गप्प बसतं. मला तुमचं वाक्य आठवलं: "रिंग म्हंजे एका टर्नाची कॉइल, दुसरं काय? कॉइल म्हटलं की करंट मागं पडणारच." तेच उत्तर आहे. रिंगेत नुसता रोध असता तर ढकलणं आणि ओढणं बरोबरीत सुटलं असतं. पण तिला स्वतःचं इंडक्टन्स, म्हणजे धारेतल्या बदलाला अडवण्याचा गुण आहे, त्यामुळे तिच्यातली धारा आणखी मागे सरकते आणि ढकलण्याचं पारडं जड होतं. रिंग हातानं दाबून धरली तर चटका बसण्याइतकी तापते, तीही याच धारेनं.

आणि तुमचा तो रोटर, मोटारीतला फिरणारा भाग! "ह्याला कुठं वायर जोडल्याली असतीया? तरी फिरतोयच की." पंचगंगेकाठच्या पंपाच्या मोटारीतल्या ॲल्युमिनियमच्या दांड्यांना जे बळ फिरवतं, तेच रिंगेला उडवतं, हे मुलांनी लगेच पकडलं. एकाचे वडील शिरोलीत फौंड्रीत आहेत. तो म्हणाला, इंडक्शन फर्नेसमध्ये लोखंडाचा रस मधोमध फुगून वर येतो, ते हेच का? हेच. बाहेरची कॉइल रसाला आत दाबते आणि ढवळतेही. हे उदाहरण मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं.

आता हावरटपणा. स्टेटर, म्हणजे मोटारीचा कॉइल बसवलेला स्थिर भाग, कापून सरळ पसरला तर तीच मोटार धातूची पट्टी सरळ रेषेत पळवते. अमेरिकेच्या 'जेराल्ड फोर्ड' या युद्धनौकेवर विमानं अशाच लिनियर मोटारीनं फेकतात. तेव्हा तीन फेजचा एखादा जळका स्टेटर आला तर भंगारात घालू नका. दिवाळीच्या सुट्टीत दोन पोरं घेऊन येते. चहाचे पैसे मात्र या वेळी मी देणार.

तुमची,
विज्ञानाची बाई