रात्री ब्लोअर बंद, सकाळी फ्लशला वास

महोदय,

उन्हाळा लागला की वाघोली, उंड्री, बाणेरच्या सोसायट्यांत टँकर सुरू होतात. शंभर सदनिका, साडेचारशे माणसं धरली तर दरडोई ४५ लिटरप्रमाणे फ्लशलाच रोज २०,००० लिटर लागतात, म्हणजे दहा हजारांचे दोन टँकर. तेवढं पाणी सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून फ्लशसाठी परत देणारा प्रकल्प, सहज देतो. तरी फ्लशला वास येतो म्हणून रहिवासी ओरडतात आणि समिती त्या लाइनला पिण्याचं पाणी जोडून मोकळी होते.

वासाचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: वीजबिल वाचवायला रात्रभर बंद ठेवलेला ब्लोअर, म्हणजे एसटीपीच्या टाकीत हवा सोडणारा पंखा. ही हवा जिथे सोडतात त्या एरेशन टाकीत सांडपाण्यातली घाण खाणारे जिवाणू असतात. त्यांना लिटरमागे निदान २ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन लागतो. तास-दोन तास खंड चालतो, रात्रभर नाही. तपकिरी गाळ काळा पडतो, सडक्या अंड्यांचा वास सुटतो आणि घडी पुन्हा बसायला दोन-तीन आठवडे जातात. मग कितीही क्लोरीन ओता, ते त्या घाणीतच खर्ची पडतं. फ्लशच्या टाकीपर्यंत लिटरमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, ते उरत नाही. बाथरूममध्ये भरमसाट ओतलेलं अ‍ॅसिडही हेच जिवाणू मारतं.

तपासणी सोपी आहे. एरेशन टाकीतलं पाणी एक लिटरच्या मोजनळीत भरून ३० मिनिटं न हलवता ठेवा. गाळ २५० ते ४०० मिलीवर बसला आणि वरचं पाणी नितळ दिसलं तर ठीक. १००च्या खाली असेल तर जिवाणूच कमी आहेत. ६००च्या वर गेला तर बहुधा कित्येक दिवस गाळ काढलेला नाही. एमबीबीआर, म्हणजे टाकीत तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्यांवर जिवाणू वाढवणारा एसटीपी असेल, तर हा आकडा लावू नका. तिथे त्या चकत्यांवर पातळ तपकिरी थर दिसला पाहिजे. वाळूचा फिल्टर रोज उलटा धुवायचा, जाळीवरचे पॅड आणि वाइप्स रोज काढायचे. ही कामं ऑपरेटर करतो का, हे समितीने खाली जाऊन पाहावं. नुसत्या रजिस्टरवरच्या सहीवर जाऊ नये.

आणि कळकळीची विनंती: टाकी साफ करायला माणूस उतरवू नका. सडक्या अंड्यांसारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जास्त साचला की नाकाला त्याचा वास कळेनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो. त्याला काढायला धावलेला दुसराही तिथेच पडतो. गाळ वरून, सक्शनच्या गाडीनेच उपसून घ्यावा.

— सांडपाणी प्रक्रिया क्षेत्रातील अभियंते, पुणे