तळघरातले बंद पंखे: नगरविकासमंत्र्यांना सांगलीहून खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

आमच्या संकुलाच्या तळघरातल्या पार्किंगमधले, गाड्यांचा धूर बाहेर टाकणारे पंखे ‘आठ दिवसांत सुरू करून घेण्यात येतील’ असं लेखी उत्तर मला दिवाळीआधी मिळालं होतं. पंखे सुरू झाले नाहीत. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी मी दुकानातच कोसळलो.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका संकुलात, तळघरात, रॅम्पला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वर्षभर डोकं दुखायचं. चष्म्याचा नंबर बदलला, पित्ताच्या गोळ्या झाल्या, बीपी तपासून झाला. दुकान बंद असेल त्या दिवशी डोकं शांत असतं, हे बायकोने हेरलं. कोसळलो तेव्हा कुणीतरी बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ९८. सगळे म्हणाले, काही नाही, उपाशी असाल. मिरजेच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा कळलं, कार्बन मोनॉक्साइड, गाड्यांच्या धुरातला विषारी वायू. याला रंग नाही, वास नाही. ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त ताकदीने तो हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि बोटावरचं साधं यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजून आकडा दाखवतं. मास्क लावून पडलो होतो, उलट्या थांबत नव्हत्या. अजूनही गिऱ्हाइकाची पानं मोजताना मध्येच आकडा सुटतो. मी पोट कशावर भरायचं, साहेब?

संकुलाला भोगवटा प्रमाणपत्र मिळालं तेव्हा पंखे होते, हा वायू मोजणारे सेन्सरही होते. सेन्सर आजही आहे. छताला, ताजी हवा येते त्या झरोक्याच्या शेजारी! माणूस श्वास घेतो चार-पाच फुटांवर. या सेन्सरमधला रासायनिक सेल काही वर्षांत थकतो. दरवर्षी ठरावीक प्रमाणाचा वायू सोडून तो तपासावा लागतो. आमच्याकडे तो बसवल्यापासून कुणी हात लावलेला नाही. हिरवा दिवा मात्र चालू, म्हणून सगळे निर्धास्त.

‘वीजबिल परवडत नाही’ म्हणून पंखे बंद. अहो, सेन्सर त्यासाठीच असतो! हवा चांगली असेल तर पंखा मंद ठेवायचा, वायू वाढला की वेग वाढवायचा. वेग निम्मा केला तर वीज जवळपास आठव्या हिश्श्यावर येते. आणि बीएस-६ गाड्या आल्या, आता कसला धूर, असं मला सांगू नका. गाडी सुरू केल्या केल्या धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर थंडच असतो, तेव्हाच हा वायू सगळ्यात जास्त निघतो. लोक गाडी सुरू कुठे करतात? तळघरात. डिझेल गाड्यांचा नायट्रोजन डायऑक्साइड तर या सेन्सरला दिसतही नाही, त्याला वेगळा लागतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाणी उतरल्यावर मशिनांचे, कपाटांचे पंचनामे झाले. बुडालेल्या तळघरांमधल्या पंख्यांच्या पॅनेलचा पंचनामा कुणी केला?

आपल्याकडे वस्तू बसवली, फोटो काढला, बिल निघालं की काम संपतं. बोअर मारलेली, मोटर जळलेली. शौचालय बांधलेलं, पाणी नाही. चौकातला कॅमेरा खांबावर, वायर तुटलेली. मंत्री यायचे असले की रातोरात डांबर पडतं, म्हणजे यंत्रणेला कामं येतात. मग आमच्या वेळीच तिचे हात का गळतात? कर आम्ही वेळेवर भरतो. हप्ता चुकला की दंडाची नोटीस येते, ती कधी उशिरा येत नाही.

२००६ च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याने प्रत्येक जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याच फेरीत तळघरातल्या सेन्सरची वायू सोडून चाचणी सक्तीची करा. सेन्सरने पंखा खरंच सुरू होतो का, ते समोर उभं राहून बघायला लावा. चाचणीची तारीख आणि वायूचा चालू आकडा रॅम्पच्या तोंडाशी मोठ्या अक्षरात लावा. सांगलीसारख्या पुराच्या गावात पाणी उतरल्यावर ही चाचणी झाल्याशिवाय तळघर उघडू देऊ नका. बंद पंख्यांखाली माणसं बसवणाऱ्यांवर गुन्हा नोंदवा.

येत्या जानेवारीआधी असा शासन निर्णय निघणार की नाही, एवढं लेखी कळवा. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य माझ्याकडे आधीच सही-शिक्क्यानिशी आहे, ते पुन्हा पाठवू नका.

आपला,
सांगलीतला एक झेरॉक्स दुकानदार