शेवटचा बॅकस्लॅश

प्रिय सुहास,

तुझी सी शार्प भाषेतली फाइल पाहिली. एडिटरचे रंग जागेवर आहेत, कंपायलरही कुरकुरत नाही, फक्त ॲड-इनच्या (एडिटरला जोडलेल्या जास्तीच्या साधनाच्या) यादीतून ४६ ते ११० ओळींमधल्या मेथड (कोडचे नाव दिलेले तुकडे) गायब आहेत. म्हणजे कोड ठीक आहे, ॲड-इनचा पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, घसरतोय. घसरतो तो इथे:

@"डी:\नोंदी\"

सी शार्पमध्ये आधी @ लावलं की बॅकस्लॅश साधं अक्षर ठरतो, त्यामुळे शेवटच्या अवतरणचिन्हाला स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर) संपते. ॲड-इन मात्र \" ही जोडी एस्केप, म्हणजे मजकुरातलंच एक चिन्ह, समजून स्ट्रिंग उघडीच ठेवतं. अशी स्ट्रिंग अनेक ओळी चालू शकते, म्हणून ओळ संपली तरी ते थांबत नाही. पुढचं अवतरणचिन्ह दिसलं की ते बंद करतं आणि तिथून सगळं उलटं: कोडची स्ट्रिंग, स्ट्रिंगचा कोड.

११० व्या ओळीला गाडी रुळावर कशी येते? तिथे साधी स्ट्रिंग आहे: "तो म्हणाला, \"ये\"". उलट्या अवस्थेत पहिलं चिन्ह बंद करतं, दुसरं उघडतं, तिसरं एस्केप म्हणून सुटतं, चौथं बंद करतं. झालं सरळ! निव्वळ योगायोग.

@ लावलेल्या स्ट्रिंगच्या आत अवतरणचिन्ह हवं असेल तर ते दोनदा लिहितात; ती दुहेरी चिन्हं मात्र या पार्सरला चुकूनच पचतात. एक स्ट्रिंग संपून लगेच दुसरी सुरू झाली असं तो धरतो आणि हिशेब जुळतो. चाचण्यांत तेवढंच तपासलं असेल, तर हा बग सापडणार कसा?

तोवर @ न लावता "डी:\\नोंदी\\" लिही, किंवा शेवटचा बॅकस्लॅश काढून पाथचे भाग जोडणारं पाथ.कंबाइन वापर. फक्त त्याचा दुसरा भाग बॅकस्लॅशने सुरू करू नकोस, नाहीतर पहिला भाग तो सरळ टाकून देतो.

दुरुस्ती करणाऱ्याला रेग्युलर एक्स्प्रेशनला (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राला) ठिगळं लावू देऊ नकोस. @", $@" आणि @$" दिसताच वेगळी अवस्था हवी: तिच्यात बॅकस्लॅशकडे बघायचंच नाही, अवतरणचिन्ह आलं की पुढचं अक्षर बघायचं; तेही चिन्हच असेल तर दोन्ही गिळायची, नसेल तर बंद. '"' हे एकटं अक्षरही तपासायला सांग, तिथेही हीच गफलत होते. सी शार्प ११ (२०२२) मधल्या रॉ स्ट्रिंगला (एस्केप नसलेल्या स्ट्रिंगला) सुरुवातीला तीन किंवा जास्त चिन्हं असतात. ती मोजून तेवढ्यांनीच बंद करायची. खरं तर रोझलिनचं (सी शार्पच्या कंपायलरचं) सिंटॅक्स ट्री, म्हणजे कोडच्या रचनेचा आराखडा, आयतं मिळत असताना स्वतःचा पार्सर कशाला लिहायचा?

तक्रारीसोबत अख्खी फाइल पाठवू नकोस. ती एक ओळ आणि तिच्याखाली एक रिकामी मेथड, एवढं पुरे.

तुझा,
अनिकेत